ओब्दूलियाबाईंचं इंग्रजी छप्पर

आमच्या लास लोमितास वस्तीत घराच्या डोक्यावरच्या सळया कुणी कापत नाही. एक मजला झाला की स्लॅब टाकायचा, खांबांच्या सळया तशाच वर ठेवायच्या, गंज चढू नये म्हणून त्यांच्या टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घालायच्या आणि वाट बघायची. पोरगा मोठा झाला, लग्न ठरलं, की त्याच सळयांना पुढचा मजला जोडायचा. बोगोताच्या दक्षिणेकडच्या आमच्या टेकड्यांवर कुठेही उभं राहिलं तरी हे सळयांचं रान दिसतं. आमच्या मुलांसाठी आम्ही एवढंच मागे ठेवतो.

ओब्दूलियाबाईंनी मात्र एका रविवारी सकाळी बेलार्मिनो गवंड्याला वर चढवलं आणि आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या सळया बुडापासून कापून घ्यायला सुरुवात केली.

करवतीचा तो करकराट ऐकून आख्खी गल्ली बाहेर आली. आमचं किराणा दुकान त्यांच्या अगदी समोर. मी तेव्हा दुकानात बसू लागले होते. हातातलं गिऱ्हाईक सोडून मीही दारात येऊन उभी राहिले. त्यांचा नवरा काम्पो एलियास शेजारच्या पार्मेनिओकाकांच्या मैदानात तेहो खेळत होता. चिखलाच्या फळ्यावर फटाक्याच्या दारूच्या पुड्या लावायच्या, लांबून लोखंडी चकती फेकायची, पुडी फुटली की धडाम, आणि मग बिअर. त्याला कुणीतरी सांगितलं, तसा तो हातातल्या चकतीसकट धावत आला.

"ओब्दूलिया, काय चाललंय हे?"

"सळया कापतेय."

"ते दिसतंय मला. का कापताय?" ही दोघं एकमेकांना अहो-जाहो करत, आणि भांडताना तर जास्तच.

"छपराच्या आड येतात."

"कुठल्या छपराच्या?"

"इंग्रजी छपराच्या."

काम्पो एलियासने बेलार्मिनोकडे पाहिलं. बेलार्मिनोने करवत थांबवली. "माझ्याकडे नका बघू. बाई म्हणाल्या, तुमचं दोघांचं बोलणं झालंय."

"झालंच आहे," ओब्दूलियाबाई वरून म्हणाल्या. "मी बोलले. हे झोपले होते."

गल्ली हसली. काम्पो एलियास नाही हसला. "आणि यामीदचं काय? त्याचं लग्न तोंडावर आलंय. तिसरा मजला त्याचा, असं ठरलं होतं. आता पोराने राहायचं कुठे? तुमच्या छपराच्या टोकावर, कावळ्यासारखं?"

"छपराखाली. माळ्यावर. मी निम्मं आयुष्य माळ्यावर काढलंय, मला काही धाड भरली नाही. बेलार्मिनो, हात चालव."

ते खरं होतं. बोयाकाच्या बटाट्याच्या गावातून दोन वेण्या घातलेली ही पोर बोगोताला आली ती थेट तेउसाकियो या बड्या लोकांच्या वस्तीतल्या लोसादा डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकाला. पहिल्यांदा फाटकापाशी उभी राहिली तेव्हा तिने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस काढला, कारण तिला ते चर्चच वाटलं. खाली लाल विटा. वर पांढरा गिलावा आणि त्यावर काळ्याभोर लाकडांच्या उभ्या, आडव्या, तिरक्या पट्ट्या. रस्त्याकडे तोंड करून दोन उंच त्रिकोणी कपाळं. छप्पर इतकं उभं की कबुतरसुद्धा त्यावर बसताना पाय रोवून बसायचं. धुराड्याच्या विटा पीळ दिल्यासारख्या फिरवून रचलेल्या. खिडक्यांना शंकरपाळ्यांच्या आकाराच्या काचा, आणि दाराला टोकदार कमान. डॉक्टरांच्या वडिलांनी ते बांधून घेतलं होतं. त्यांनी इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या वास्तुकाराने पाहिलं होतं म्हणे, पण तेही बोटीवरून. घरचे त्याला ट्यूडर पद्धतीचं घर म्हणत, आणि पाहुण्यांसमोर हा शब्द जरा सावकाश उच्चारत.

ओब्दूलियाबाईंना घर आवडलं ते या थाटामुळे नाही. त्यांना माळ्यावरची खोली मिळाली होती. गावाकडे आठ जणांत एक खोली, आणि तीही धुराने काळी. इथे आयुष्यात पहिल्यांदा दार लावून घेता येईल अशी जागा मिळाली. "उतरतं छत बिछान्यापर्यंत यायचं," त्या मला एकदा सांगत होत्या. "हात वर केला की लागायचं. पाऊस कानाशी वाजायचा, आणि मी कोरडी. सपाट छताखाली झोपलं की वाटतं, वरून कुणीतरी झाकण ठेवलंय. उतरत्या छपराखाली वाटतं, कुणीतरी पांघरूण घातलंय."

एकदा तिथे रंगारी आला होता. दर्शनी भागावरची एक काळी पट्टी सुटायला आली होती. रंगाऱ्याने ती उचकटली तर मागे साधी वीट. लाकूड म्हणजे नुसती फळी, खिळ्यांनी ठोकलेली. ओब्दूलियाबाईंना धक्काच बसला. त्यांनी मालकिणीला, लेओनोरबाईंना, जाऊन सांगितलं की आपल्याला कुणीतरी फसवलंय, घराचा सांगाडा खोटा आहे.

लेओनोरबाई पोट धरून हसल्या. "अगं, फसवलं कुणी नाही. चारशे वर्षांपूर्वी तिकडे ते लाकूडच घर तोलून धरायचं. इथे वीट तोलते आणि लाकूड नुसतं मिरवतं. मी ब्रोच लावते तसं. ब्रोच माझा झगा थोडाच धरून ठेवतो?"

ही गोष्ट ओब्दूलियाबाईंनी मनात जपून ठेवली. पुढे डॉक्टरांचं कुटुंब शहराच्या उत्तरेला फ्लॅटमध्ये गेलं, घर विकलं गेलं, आणि तोवर सुट्टीपुरत्या घरी येणाऱ्या बाई कायमच्या लास लोमितासला आल्या. काम्पो एलियास वीटभट्टीचा ट्रक चालवायचा. बाई भट्टीवरच्या लोकांना दुपारचं जेवण पुरवू लागल्या. विटा घरच्या होत्या, हाताला चव होती, आणि डोक्यात छप्पर होतं. एक मजला झाला, दुसरा झाला. दुसऱ्याच्या भिंती पुऱ्या झाल्या तेव्हा त्या सळया कापायला चढल्या.

बेलार्मिनो उत्तम गवंडी होता, पण त्याचं सगळं आयुष्य ओळंब्यात आणि पाणसळीत गेलेलं. उतरतं काही त्याने कधी बांधलं नव्हतं. आमच्या दुकानात उभं राहून ओब्दूलियाबाईंनी दोन मोठे पाव एकमेकांना टेकवून त्याला छपराची दोन उतरती पाखी दाखवली.

"एवढी उभी?" तो म्हणाला. "कौलं घसरून खाली येतील, बाई. कुणाच्या तरी डोक्यात बसतील."

"तारेने बांध एकेक."

"एकेक?"

"मग काय, जोडीजोडीने लग्न लावून देणार आहेस त्यांची?"

निलगिरीचे वासे आले. आढं चढलं त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चीज घातलेलं गरम चॉकलेट पाजलं. फळ्यांना काळा रंग म्हणून ट्रकच्या इंजिनातलं जळकं तेल चोपडलं, म्हणजे रंगही झाला आणि वाळवीपासून बचावही. वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे आलेला होताच. आमच्याकडे जागा कमी म्हणून सगळेच तसा काढतात. बाई त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "बघा, हेही इंग्रजीच. तुम्ही सगळे निम्मे इंग्रज आहातच, नुसतं छप्पर तेवढं राहिलंय."

राहिली शंकरपाळ्यांची खिडकी. यामीद बसच्या बॉड्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. पत्रा, पट्टी, वेल्डिंग हा त्याच्या हातचा मळ. पण तो म्हणाला, "ज्या घरात माझा मजला नाही, त्या घराला माझी खिडकीही नाही." मग बाईंनी कोपऱ्यावरच्या एका वेल्डरकडून ती करून घेतली. त्याने काही शंकरपाळ्या केल्या, काही चौकोन झाले आणि दोन-तीन तर कशातच मोडत नव्हते. बाईंनी ती तशीच बसवली.

छप्पर झालं आणि वस्तीला काही दिवस दुसरा विषय उरला नाही. बसमधून उतरलेल्या म्हाताऱ्या घरासमोर थांबून क्रूस काढत. एक दारुडा तर दर रविवारी टोपी काढून पायरीवर गुडघे टेकायचा आणि पापं कबूल करायचा. त्याची बरीचशी पापं आम्हाला दुकानातून ऐकू येत. बाईंना नाव पडलं, इंग्लिशीणबाई.

पार्मेनिओकाका मैदानाच्या दारातून ओरडायचे, "काय शेजारीणबाई, राणीसाहेब चहाला कधी येताहेत?"

"तुम्ही आंघोळ केलीत की येतील. त्यांनी तशी अटच घातलीय."

माझे वडील जरा गंभीर स्वभावाचे. ते एकदा म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण ती लाकडं खोटी आहेत."

"तिकडचीही खोटीच होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी पुसलीयेत की इतकी वर्षं. खोटं असलं तरी पुसावं लागतंच."

यामीद मात्र असल्या बोलण्याने निवणारा नव्हता. लग्नाच्या आधी तो येऊन रस्त्यातच उभा राहिला, घराकडे मान वर करून. आम्ही सगळे ऐकत होतो. "माझ्या मजल्याची टोपी करून घराला घातलीस, आई."

"टोपीखाली डोकं असतं. वर येऊन बघ तरी."

"मला नाही बघायचं."

तो बघायला गेला नाही. लग्न झालं, आणि बायकोला, मार्लेनीला, घेऊन तो तिच्या माहेरी सोआचाला राहायला गेला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे काहीतरी द्यायला गेले होते. त्या इस्त्री करत होत्या. इस्त्री नवऱ्याच्या शर्टावर तशीच टेकलेली होती आणि धूर येत होता. मी हाक मारली तेव्हा त्यांनी ती उचलली. शर्टाला तपकिरी त्रिकोण पडला होता. त्या शर्टाकडे बघत राहिल्या. छप्पर चुकलं असं मात्र त्यांच्या तोंडून मी तेव्हा ऐकलं नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी गारा पडल्या. आमच्याकडे गारा नवीन नाहीत, पण त्या दिवशीच्या थांबेचनात. सपाट स्लॅबवर गुडघाभर थर साचला, नळ्या तुंबल्या. आमच्या दुकानात दिव्याच्या वायरीवरून पाणी उतरायला लागलं आणि वडील साखरेची पोती उचलून पलंगावर ठेवत होते. समोर ओब्दूलियाबाईंचं छप्पर पांढरंशुभ्र झालेलं. मग एकाएकी त्या छपराने अंग झटकलं म्हणायचं. घर्रर्र असा आवाज झाला आणि एका बाजूच्या आख्ख्या पाख्यावरच्या गारा एकदम खाली घसरल्या.

ती बाजू पार्मेनिओकाकांची. आणि त्या दिवशी त्यांच्या मैदानात तेहोचा सामना होता.

मैदानावरच्या छपराचे पत्रे वाकले, दोन खाली आले. बिअरची खोकी गाडली गेली, दारूच्या पुड्या भिजून लगदा झाल्या. एक गडी पोटऱ्यांपर्यंत गारांत रुतून तसाच चकती धरून उभा होता. लागलं कुणालाच नाही, पण सामन्याचा चिखल झाला तो झालाच. पार्मेनिओकाका रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"ओब्दूलिया! बाहेर या!"

बाई छत्री न घेताच बाहेर आल्या.

"माझ्या बापजन्मात माझ्या मैदानावर कुणी डोंगर आणून ओतला नव्हता!"

"मी ओतला? देवाने ओतला."

"देवाने सगळ्यांच्या डोक्यावर सारखा ओतला! तुम्ही तुमचा वाटा माझ्याकडे ढकललात!"

बाईंनी छपराकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खरंय तुमचं."

काकांची भांडणाची तयारी मोठी होती. ते गोंधळलेच. "खरंय म्हणजे?"

"म्हणजे पत्रे मी बसवून देते. बाकीचं मला बघू द्या."

"बघायचं काय त्यात? ते पाखं उतरवा!"

"पाखं उतरणार नाही. गारा कुठे उतरवायच्या ते बघते."

त्या आठवड्यात एका सकाळी बाई काळा झगा घालून दुकानात आल्या. "नोरा, चल माझ्याबरोबर. तेउसाकियोला जायचंय."

"कोण गेलं?"

"माहीत नाही. तिथे गेल्यावर कळेल."

लोसादांच्या घरात आता अंत्यविधीची सोय होती. लोक आपली गेलेली माणसं तिथे ठेवत, प्रार्थना करत, मग दफनाला नेत. आम्ही गेलो तेव्हा खालच्या दिवाणखान्यात एका निवृत्त तुतारीवाल्याला ठेवलं होतं. शेकोटीच्या जागी फुलांची चक्रं. आत पाऊल टाकताच एका जाड बाईने ओब्दूलियाबाईंना मिठी मारली आणि रडायला लागली. यांनीही तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्ही कुठल्या?" ती डोळे पुसत म्हणाली.

"मी याच घरातली," ओब्दूलियाबाई म्हणाल्या.

त्यावर ती आणखी रडली आणि आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. कॉफी आली. बाईंनी जपमाळेचा एक फेरा मनापासून म्हटला, कारण त्यांच्या मते कॉफी प्यायल्यावर तेवढं देणं लागतोच. मग त्या उठल्या आणि मागच्या जिन्याने सरळ वर चालू लागल्या. हाताने कठड्याचा गोळा चाचपला, पायाने करकरणारी पायरी चुकवली. मी मागे. माळ्याच्या दाराशी तिथला राखणदार होता. बाई त्याला म्हणाल्या, "मला ती छोटी खिडकी उघडून बाहेर बघायचंय." त्याने दार उघडलं. शोकात असलेल्या माणसांना काय काय करावंसं वाटतं, ते त्याने पाहिलं असणार.

त्यांच्या खोलीत मेणबत्त्यांच्या समया रचून ठेवल्या होत्या. त्या भावुक होतील म्हणून मी बघत होते. त्यांनी समया बाजूला सारल्या, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"काय दिसतंय?" मी झगा धरून विचारलं.

"मूर्ख होते मी," बाई आत येत म्हणाल्या. आवाजात वाईट वाटल्यासारखं काही नव्हतं, उलट काहीतरी सापडल्याचा आनंद होता. "बघ खाली. पाखं कुठे उतरतंय? बागेत. या घराच्या गारा या घराच्याच बागेत पडायच्या. माळी फावड्याने ओढायचा, मी दर वेळी बघायची. या घराला चारी बाजूंनी स्वतःचं अंगण आहे. माझ्या घराला पार्मेनिओ आहे."

मग त्यांनी मला दर्शनी बाजूला नेलं. तिथे दाराच्या कमानीवर पाखं थेट खाली येत नव्हतं. त्याच्या पायथ्याशी बुटका कठडा होता आणि कठड्यामागे शिशाची रुंद पन्हळ. "दारात पाहुणे उभे राहतात. त्यांच्या डोक्यावर पडू नये म्हणून ही इथे. शेजाऱ्याचं डोकं त्यांना नव्हतंच, म्हणून बाकी कुठे केली नाही. आपल्याला हीच करायचीय, आख्ख्या बाजूभर."

बेलार्मिनोने ऐकून घेतलं. पाखं हातभर मागे कापायचं, भिंतीवर कठडा चढवायचा, मध्ये पन्हळ. "पण बाजारातली पन्हळ गारांनी तुंबेल," तो म्हणाला. "जाड पत्र्याची हवी, माणूस आडवा झोपेल एवढी रुंद. असला पत्रा वाकवायला मोठं यंत्र लागतं. बसची टपं वाकवतात तसलं."

तसलं यंत्र यामीदच्या कारखान्यात होतं. काम्पो एलियास म्हणाला, "मी बोलतो त्याच्याशी."

"नको," बाई म्हणाल्या. "दुखावलं मी. जाणारही मीच."

पुढचं मला मार्लेनीने सांगितलं. ती नवऱ्याचा डबा घेऊन कारखान्यात गेली होती, तेव्हा सासूबाई दारात उभ्या. यामीदने तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर केला.

"छपरासाठी आलीस," तो म्हणाला.

"हो."

"माझ्यासाठी नाही."

"तुझ्यासाठी आले असते तर जेवण घेऊन आले असते आणि गोड बोलले असते. छपरासाठी आलेय म्हणून खरं बोलते. तुला न विचारता मी तुझा मजला कापला. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तरी कापलाच असता. पण विचारायला हवं होतं."

यामीदने मुखवटा पुन्हा खाली ओढला. मार्लेनीला वाटलं, आता हा कामाला लागणार. पण मुखवट्याच्या आतून हसण्याचा आवाज आला. तो हसायला लागला की थांबत नाही, हे आईला आणि बायकोला दोघींनाही माहीत होतं. त्या शेजारीशेजारी उभ्या राहून वाट बघत राहिल्या.

शनिवारी वीटभट्टीच्या ट्रकवरून पन्हळ आली. गल्लीभर लांब, चकचकीत, बसच्या टपासारखीच. यामीद, बेलार्मिनो आणि काम्पो एलियास दोर लावून ती वर ओढत होते. खालून पार्मेनिओकाका सगळ्यांना सूचना देत होते आणि त्यातली एकही कुणी ऐकत नव्हतं. पन्हळ बसवताना यामीदला आतून बोल्ट आवळायला माळ्यावर जावं लागलं. मार्लेनी त्याच्या मागोमाग गेली. मी पाना द्यायला गेले होते, म्हणून पाहिलं. मार्लेनीने फरशीवर पाय पसरले, मग सरळ आडवी झाली आणि वाशांकडे बघू लागली. त्या वेडगळ शंकरपाळ्यांच्या खिडकीतून पार विमानतळापर्यंतचं पठार दिसत होतं.

"यामीद," ती म्हणाली, "मला इथे राहायचंय."

"इथे ताठ उभं राहता येत नाही."

"माझ्या आईकडे आपण पडद्यामागे झोपतो. तिथे ताठ उभं राहून तू काय केलंस आजवर?"

यामीद काहीतरी उत्तर द्यायला उठला आणि त्याचं डोकं वाशावर आपटलं. खालून ओब्दूलियाबाईंचा आवाज आला, "सवय होते!"

ते दोघं राहायला आले. पहिले काही महिने सकाळी धाड असा आवाज आला की आमच्या दुकानात कळायचं, यामीद उठला. बाईंनी वाशाला जुनी उशी बांधली. मग त्याने स्वतःच मागच्या पाखात एक कोनाडा काढला, छपरातून बाहेर डोकावणारी छोटी त्रिकोणी खिडकी, तिच्या खाली उभं राहून दाढी करता येईल एवढी. तिच्या शंकरपाळ्या एकसारख्या झाल्या. पुढची वाकडी खिडकीही बदलून देतो म्हणाला, तर बाईंनी बदलू दिली नाही. "सरळ खिडकीकडे कोण मान वर करून बघतं?"

आणि पुढच्या गारा? आल्या ना. पन्हळीने त्या सगळ्या गोळा केल्या, एक खडा पार्मेनिओकाकांच्या मैदानात जाऊ दिला नाही, आणि रस्त्याकडच्या टोकाला आणून धबधब्यासारख्या सोडल्या. आमच्या दुकानाच्या दारात. वडील फावडं घेऊन बाहेर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडले. पार्मेनिओकाका मुद्दाम बिअर घ्यायला आले, दारातल्या ढिगावर उभे राहून प्यायले, आणि इतके हसले की त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी यामीदने पन्हळीला वाकडं तोंड लावून ते गटाराकडे फिरवलं. तेव्हापासून ठीक चाललंय.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. काम्पो एलियास वारला. यामीद आणि मार्लेनी दोन मुलं झाल्यावर बोसा वस्तीत स्वतःच्या घरी गेले, ते सपाट छताचं आहे. ओब्दूलियाबाईंच्या खालच्या मजल्यावर एक शिंपी भाड्याने आहे. बाई मधल्या मजल्यावर राहतात, अजूनही लोकांना जेवण देतात, आणि कौल सरकलं तर बेलार्मिनोच्या पोराला बोलावून खालून काठीने दाखवतात, ते नाही, त्याच्या शेजारचं.

वस्तीत आता तशी आणखी चार-पाच छपरं झालीत. लोक बेलार्मिनोच्या पोराला सांगतात, ओब्दूलियाबाईंसारखं करून दे. मग तो आधी बाईंना घेऊन जातो. बाई प्लॉटवर उभ्या राहतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "शेजारी कोण आहे?" त्यानंतरच पाखं कुठे वळवायचं ते ठरतं. दर्शनी बाजूच्या काळ्या लाकडांबद्दलही त्यांचं मत असतंच. मागच्या महिन्यात वरच्या गल्लीतल्या एका नव्या जोडप्याने फळ्यांना तपकिरी रंग दिला. मी बाईंबरोबर होते. त्या थांबल्या, मान वर केली आणि त्या जोडप्याला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाल्या,

"चॉकलेटी! घर आहे का बारशाचा केक?"

संध्याकाळी ते दोघं आमच्या दुकानात आले आणि जळकं तेल कुठे मिळेल ते विचारू लागले.